मेल्यानंतर सोळा वर्षांनी बनवलेलं व्हायोलिन

सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे. गेली सत्तावीस वर्षं मी दिवसभर लेबलं वाचते. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत संपल्याची तारीख. अशा बाईला व्हायोलिनच्या पोटात चिकटवलेल्या बोटभर कागदाने बारा हजारांना गंडवावं, हे मला अजूनही पचलेलं नाही.

व्हायोलिन मी उशिरा धरलं, एकोणपन्नासाव्या वर्षी. सुरुवातीला साडेसहा हजारांचं चिनी वाद्य घेतलं होतं. शिकायला ते वाईट नव्हतं. तीन वर्षांनी सर म्हणाले, "ताई, आता हात पुढे चाललाय आणि वाद्य मागे राहतंय." चांगलं नवं वाद्य घ्यायचं तर दुकानातलं एक फ्रिज विकावं लागलं असतं. मग जुनं बघू म्हटलं आणि रात्री शटर ओढल्यावर मोबाइलवर जाहिराती चाळायला लागले.

त्या जाहिराती म्हणजे स्वतंत्र करमणूक आहे. फुलाफुलांच्या चादरीवर आडवं टाकलेलं व्हायोलिन, शेजारी कुणाचा तरी पाय, आणि खाली 'ओरिजिनल स्ट्रॅडिव्हेरियस, किंमत दोन कोटी, टाइमपासवाल्यांनी फोन करू नये'. स्ट्रॅडिव्हरी म्हणजे इटलीतल्या क्रेमोना गावचा नामांकित व्हायोलिन कारागीर. त्याची जगात आज साधारण साडेसहाशे वाद्यं उरली आहेत आणि बहुतेकांचा आजवर कोणाकडून कोणाकडे गेल्याचा इतिहास लिहिलेला आहे. त्यातलं एखादं परराज्यातल्या एखाद्या गल्लीत चादरीवर पडलेलं असेल, असं मलाही वाटलं नव्हतं. पण 'अस्सल नसलं तरी जुनी नक्कल असेल' हा मोह वाईट. तीन धूसर फोटो, आत लेबल, लेबलावर लॅटिनमध्ये 'आंतोनियुस स्ट्रॅडिव्हेरियुस, क्रेमोना, साल १७५३'. निम्मे पैसे आधी, निम्मे पार्सल निघताना. पाठवले.

पार्सल आलं तेव्हा सरांनी दुकानाच्या काउंटरवरच ते उघडलं. लेबल वाचलं आणि विचारलं, "हा माणूस वारला कधी?" मी मोबाइलवर शोधलं. १७३७. सर काही बोलले नाहीत. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एका आजोबांना मात्र हसू आवरेना.

मग मी तो कागद नीट बघितला. चहात बुडवून वाळवलेला होता. शाळेच्या नाटकात महाराजांचा खलिता आम्ही असाच करायचो. नुसतं लेबल खोटं असतं तरी चाललं असतं, कारण खरं सांगायचं तर जुन्या युरोपीय व्हायोलिनांतली बहुतेक लेबलं खोटीच असतात. जर्मनी, बोहेमिया आणि फ्रान्समधल्या कारखान्यांनी लाखांनी वाद्यं बनवली आणि आत छापील स्ट्रॅडिव्हरी चिकटवला. त्या काळी त्याला फसवणूक म्हणत नसत. कोणत्या नमुन्यावर वाद्य बेतलंय हे सांगायची ती रीत होती. पण माझ्या पार्सलातलं लाकूडही खोटं बोलत होतं.

व्हायोलिनच्या काठाने काळी-पांढरी-काळी अशी तिहेरी रेघ फिरते. तिला पर्फलिंग म्हणतात. ती शोभेची नसते. काठात चर कोरून त्यात लाकडाच्या तीन बारीक पट्ट्या बसवतात, म्हणजे काठाला पडलेली चीर तिथेच अडते. माझ्या वाद्यावर ती पेनाने काढलेली होती. भिंग धरल्यावर कोपऱ्यात शाई जरा ओघळलेली दिसली. पाठीवरचे वाघासारखे पट्टे तर ब्रशने रंगवलेले. मेपलच्या लाकडात असे पट्टे खरोखर असतात, पण खरे पट्टे एका जागी राहत नाहीत. धूपछावची साडी उजेडात हलवली की रंग पलटतो, तसं वाद्य थोडं तिरपं केलं की गडद पट्टा उजळतो आणि उजळ पट्टा काळवंडतो. माझे पट्टे कुठूनही बघितले तरी जागचे हलत नव्हते. विकणाऱ्याचा फोन त्या दिवसापासून बंद आहे. ते व्हायोलिन आता भाचीच्या मुलीकडे आहे. ती त्याला गिटार समजते.

पुढचे चार महिने मी काही घेतलं नाही, नुसती बघत राहिले. बघता बघता डोळा तयार होतो. विकणाऱ्यांकडे मी ठरावीक फोटो मागायला लागले. समोरून, मागून आणि बाजूने. मुंडक्याचा, म्हणजे त्या गोगलगायीसारख्या वळशाचा, खास मागच्या बाजूने. खालच्या टोकाला जिथे गुंडी असते तिथला. आणि पाठीवर शिंप्याची टेप ठेवून एक. हा टेपचा फोटो फार कामाचा. पूर्ण मापाच्या व्हायोलिनचं धड साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर भरतं. 'फुल साइज' म्हणून विकायला काढलेली तीन वाद्यं मुलांच्या मापाची निघाली, आणि विकणाऱ्यांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. फोटो मागितले की दहातले आठजण 'मॅडम, घ्यायचं तर घ्या' म्हणून गप्प व्हायचे. तीही एक चाचणीच झाली.

मुंडकं मागून का बघायचं, हे मला सरांनी शिकवलं. त्या वळशाच्या पाठीवर दोन पन्हळी कोरलेल्या असतात. चांगला कारागीर त्या पन्हळी वळशाच्या खाली, पार आतपर्यंत नेतो. जर्मनीतलं मार्कनॉयकिर्शेन आणि पलीकडे बोहेमियातलं शोनबाख या गावांत घाऊक माल बनायचा. तिथे पन्हळ बहुतेक वेळा वळशाच्या तळाशीच थांबवलेली दिसते. कारण सोपं आहे. एका घरात फक्त मुंडकी कोरायची, दुसऱ्या घरात पाठी, तिसऱ्यात खुंट्या, आणि व्यापारी ते सगळं गोळा करून जोडून घ्यायचा. नगावर मजुरी असेल तर जिथे कुणाची नजर जात नाही तिथली कोरणी कोण करत बसेल?

आणि मग मडगावची जाहिरात दिसली. 'जुने व्हायोलिन, सासऱ्यांचे. पेटीसकट. बो खराब आहे.' एवढंच. बो म्हणजे वाजवायचा गज. काय खराब आहे ते आधी सांगणारा विकणारा मला चार महिन्यांत दुसरा भेटला नव्हता. किंमत पस्तीस हजार. फोटो मागितले तर दुसऱ्या दिवशी अकरा आले. टेपचा फोटोही आला. त्यात टेप धरलेला हात म्हाताऱ्या बाईचा होता, हातात लग्नाची अंगठी. लेबलावर तोच लॅटिन मजकूर, पण खाली इंग्रजीत बारीक अक्षरात 'मेड इन झेको-स्लोव्हाकिया'.

ही खालची ओळ मला वरच्या सगळ्या लॅटिनपेक्षा मोलाची वाटली. अमेरिकेने १८९० मध्ये मॅकिन्ली कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं. त्यामुळे निर्यातीच्या वाद्यांवर देशाचं नाव दिसायला लागलं. चेकोस्लोव्हाकिया हा देश जन्मला १९१८ च्या ऑक्टोबरात. म्हणजे हे लेबल त्याआधीचं असू शकत नाही. शोनबाख याच देशात गेलं. त्याचं आजचं नाव लुबी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन भाषिकांना हाकलून दिलं आणि बरेच कारागीर बव्हेरियात बुबेनरॉयट नावाच्या गावी जाऊन वसले. तेव्हा माझा अंदाज दोन युद्धांच्या मधला, १९२० ते १९३८. लेबल नंतरही चिकटवता येतं, हे मी बारा हजार देऊन शिकले होते. पण खोटं लेबल लावणारा माणूस वाद्याची किंमत वाढवायला लावतो. 'झेको-स्लोव्हाकिया' लिहून कुणाची किंमत वाढणार?

रात्री मिरजेहून गोवा एक्सप्रेसमध्ये बसले. पिशवीत भिंग, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून मागून आणलेला छोटा आरसा, दुकानातला नोटा तपासायचा निळा दिवा, आणि आमच्या एसी दुरुस्तीवाल्या पोराने दिलेला वायरीचा कॅमेरा. तो मोबाइलला जोडायचा असतो. बिघडलेल्या एसीच्या नळीत तो असाच कॅमेरा घालतो. तिकीट तपासनिसाने पिशवी बघितली असती तर मला खाली उतरवलं असतं.

घर जुनं, पुढे व्हरांडा, आत गारवा. बाई ऐंशीच्या पुढच्या. मुलगा जहाजावर असतो. सासऱ्यांनी चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेलं. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या या शाळांमध्ये मुलांना वाचायला शिकवायच्या बरोबरीने स्वर वाचायलाही शिकवत. तिथूनच निघालेली माणसं पुढे मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत भरली. मी उत्साहाने विचारलं, सासरे मुंबईला वाजवायचे का? "ना गे," त्या म्हणाल्या, "इगर्जीत आणि लग्नांत." इगर्ज म्हणजे चर्च.

आधी वाजवून बघितलं. तारा गंजलेल्या, माझा बो चिनी, तरी खालच्या तारेवर सा लावला तेव्हा मांडीला कळलं. माझ्या वाद्यात तो सा नेहमी डब्यातून यायचा.

मग तपासणी. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसं व्हायोलिनच्या काठाने बोटाच्या पेराने ठोकत जायचं. सांधा पक्का असेल तर आवाज भरीव येतो, आणि कुठे सुटला असेल तर तिथे फटफट वाजतं. खालच्या डाव्या बाजूला तीनेक इंच फटफटलं. त्याचं काही नाही. काठ मुद्दामच सरसाने हलका चिकटवलेला असतो, म्हणजे हवा बदलली की लाकूड चिरकण्याआधी सांधा सुटतो. गोव्याच्या पावसाळ्यात तो सुटला नसता तरच नवल. खरी भानगड निळ्या दिव्याने दाखवली. वरच्या फळीवर इंग्रजी एफच्या आकाराची दोन भोकं असतात, त्यातल्या डाव्या भोकाखाली साध्या उजेडात काही दिसत नव्हतं, तिथे एक उभी रेघ निळसर पांढरी चमकली. जुनी चीर, वरून रंग लावून झाकलेली. ती उजवीकडे, घोडीच्या म्हणजे तारा पेलणाऱ्या पुलाच्या पायाखाली असती तर मी तिथूनच परतले असते. तिथे आत साउंड पोस्ट नावाची काडी उभी असते, सगळा दाब तिच्यावर. त्या जागी गेलेली चीर म्हणजे दुरुस्ती महाग आणि किंमत निम्म्याहून खाली, पाठीला असेल तर विचारूच नका.

झीज मात्र बघत राहावी अशी. नकली जुनेपणात काळा रंग सगळ्या कोपऱ्यांत सारखा घासलेला असतो. जणू चार माणसांनी चारही बाजूंनी ते वाजवलंय. इथे वॉर्निश दोनच ठिकाणी गेलेलं. मानेशेजारी उजव्या खांद्यावर, जिथे वरच्या स्वरांकडे जाताना डाव्या हाताचा तळवा टेकतो, आणि शेपटीच्या, म्हणजे तारा खाली अडकवायच्या पट्टीच्या, डाव्या बाजूला, हनुवटीखाली. म्हणजे हा माणूस नुसता मुंडक्यापाशी घुटमळणारा नव्हता, वर जाणारा होता. हनुवटीच्या जागचं लाकूड तर घामाने करडं पडलेलं. खुंट्यांच्या भोकांत दोन ठिकाणी नव्या लाकडाची बुचं बसवलेली दिसली. खुंटी वर्षानुवर्षं फिरवून भोक सैल होतं, तेव्हाच अशी वेळ येते. ही वयाची खूण कुठल्याही कागदापेक्षा बरी. निदान ती मुद्दाम करायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

आणि मग मी गाढवपणा केला. खालची गुंडी काढून तिच्या भोकातून कॅमेरा आत घालायचा होता. त्यासाठी तारा सैल करायला हव्यात. बाईंची परवानगी घेतली आणि बोलता बोलता चारही तारा सोडल्या. घोडी आडवी झाली आणि पोटात 'टक्' असा आवाज आला. साउंड पोस्ट म्हणजे बोटाहून बारीक स्प्रूसची काडी. कशाने चिकटवलेली नसते, वरच्या आणि खालच्या फळीच्या दाबावर उभी असते. फ्रेंच लोक तिला आत्मा म्हणतात. तो मी सोफ्यावर बसून पाडला होता. सरांनी शंभरदा सांगितलेलं, तार एकावेळी एकच सैल करायची.

"कितें जालें?" बाईंनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी व्हायोलिन हातात घेऊन खुळखुळ्यासारखं हलवलं, ऐकलं, आणि म्हणाल्या, "मोडलं नाही ना? पडलंच ना?"

यानंतर घासाघीस कुठल्या तोंडाने करणार? मी चीर दाखवली आणि अठ्ठावीस म्हटलं. त्यांनी जहाजावर मुलाला फोन लावला. तीसवर ठरलं. निघताना "देव बरें करूं" म्हणाल्या आणि पेटीवरून एकदा साडीचा पदर फिरवावा तसा रुमाल फिरवला.

बोविषयी फार लिहिण्यासारखं नाही. बंद पेटीत बोचे केस किडे खातात, ते सगळे खाल्ले होते. काठीही वाकलेली. ती तशीच ठेवून दिली आहे.

दुरुस्तीला मी मिरजेला नेलं, सतारमेकर गल्लीत. तिथले कारागीर पिढ्यानपिढ्या तंबोरे आणि सतारी करतात. मिरजेच्या या दोन वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांतले एक चाचा म्हणाले, "ताई, आपलं काम भोपळ्याचं. पण लाकूड आहे, बघू." सुटलेल्या काठातून पातळ सुरी घालून, गरम पाण्याचं बोट फिरवत फिरवत, त्यांनी अर्ध्या तासात वरची फळी अर्धी उचलली. सरस पाण्याला ऐकतो. चिरेपाशी आल्यावर मात्र थांबले. नखाने खरवडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. कुणीतरी चीर फेविकॉलने जोडली होती. "दार जोडायला उत्तम आहे हो. पण इथे तो सोडतही नाही आणि धरतही नाही, हळूहळू सरकतो." तेवढा एक कण न कण काढायला त्यांना दोन दिवस लागले. मग सरसाने चीर जोडून आतून टिकलीएवढे चार लाकडी तुकडे लावले.

उघड्या पोटात मी पहिल्यांदाच डोकावले. कोपऱ्यांत आतून आधाराचे ठोकळे असतात, ते नव्हतेच. डाव्या बाजूने फळीखाली उभी जाणारी, आधाराची बास बार नावाची पट्टी वेगळी बसवलेली नव्हती, फळी कोरतानाच तेवढं लाकूड शिल्लक ठेवलेलं. छिन्नीच्या खुणा तशाच, कुणी घासून गुळगुळीत करायची तसदी घेतली नव्हती. म्हणजे शोनबाखच्या मालातलंही वरच्या प्रतीचं नव्हे, स्वस्तातलं. मी जरा खट्टू झाले. चाचा त्या खुणांवरून बोट फिरवत होते. म्हणाले, "हा डावखुरा होता." कशावरून, ते मी विचारलं. त्यांनी छिन्नीच्या घावांचा कल दाखवला. मला काही कळलं नाही, पण वाद घातला नाही.

झाडाच्या वलयांवरून वय काढतात, तेही करावं का, असं मी सरांना विचारलं होतं. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात स्ट्रॅडिव्हरीचं 'मसाया' नावाचं १७१६ चं व्हायोलिन आहे. ते खरं की खोटं असा मोठा वाद झाला, तेव्हा वलयं मोजली. सगळ्यात बाहेरचं वलय १६८० च्या दशकातलं निघालं. म्हणजे झाड स्ट्रॅडिव्हरीच्या काळातलं, एवढं नक्की झालं. पुढे फळी कधी कोरली आणि कुणी, ते वलय सांगत नाही. माझ्या वाद्यासाठी तो खर्च वाद्यापेक्षा जास्त झाला असता. सर म्हणाले, त्या पैशात तारा घ्या. व्हिएन्नाच्या डॉमिनंट घेतल्या.

साउंड पोस्ट उभा करायला चाचांनी सायकलचा स्पोक वाकवून टोकाला धार लावली. एफच्या भोकातून काडी आत नेऊन, दातांच्या डॉक्टरच्या आरशात बघत बघत ती उभी केली. चार वेळा पडली. पाचव्यांदा राहिली. मग केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे सरकवत मला वाजवायला लावलं, आणि एका जागी स्वतःच "बस, इथंच" म्हणाले. बिल साडेचार हजार. डॉक्टरीणबाईंचा आरसा त्यांनी ठेवून घेतला.

आता पेटीत मी गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. आमच्याकडे त्यांना तोटा नाही. पहिल्या पावसाळ्यात एकही सांधा सुटला नाही. आपण मांडी घालून वाजवतो आणि मुंडकं उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवतो. त्या जागी वळशाच्या कडेचं वॉर्निश वर्षभरात मंद व्हायला लागलंय. मडगावच्या सासऱ्यांच्या दोन डागांत माझा एक. सर म्हणतात, मुंडक्याला पायमोजा घाला. रोज विसरते.